शाळेत जाणाऱ्या पोरांच्या मनाची मशागत



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लेख येईल अशी आपली अपेक्षा असणार. तो पुढच्या अंकात देतो. या वेळी संपादक मंडळाने माझ्याकडे वेगळाच विषय सोपविला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांचे मानसिक आरोग्य, असा तो विषय. मी काही मानसशास्त्राचा डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेऊन वीस-बावीस वर्षे या कार्यक्षेत्रात मोटारसायकलवर फिरणारा शेतकी खात्याचा माणूस. पण प्लॉट बघायला गेलो की उसाचे बोलणे दहा मिनिटांत उरकते आणि पुढचा अर्धा तास बांधावर पोरांच्या शिक्षणाचेच बोलणे चालते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. "साहेब, पोरगं हुशार हाय, पर हल्ली घुमं झालंय." "पोरीचं रोज सकाळी पोट दुखतंय, आन डॉक्टर म्हंतो काय न्हाई." "दहावीला पंच्याऐंशी टक्के पाडले आन अकरावीत पार बसलं." ही वाक्ये मी एकाच गावात नाही, जवळजवळ प्रत्येक गटात ऐकली आहेत. म्हणून शिक्षकांना आणि डॉक्टर मंडळींना विचारून व थोडे वाचून जी माहिती गोळा केली ती आपल्यापुढे ठेवीत आहे.

मानसिक आजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एकदम येरवडा उभा राहतो. तिथेच सगळी गडबड होते. अंगाला जशी सर्दी-पडशापासून मोठ्या दुखण्यापर्यंत नाना प्रकारची दुखणी असतात, तशीच मनालाही असतात, आणि त्यांतली बहुतेक वेळेवर लक्ष दिले तर बरी होणारी असतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये शंभरात सुमारे सात मुलांना उपचार लागावा असा काही ना काही मानसिक त्रास आढळला. शहरात प्रमाण जास्त होते, पण खेड्यातही ते शंभरात जवळजवळ सातच भरले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरीने चार मुले. ही चार मुले आपल्या गावच्या हायस्कुलातही बसलेली आहेत. आयुष्यात पुढे जे मानसिक आजार दिसतात त्यांतले निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा "पोराला कसलं आलंय टेन्शन, खाऊन-पिऊन सुखी हाय" हे आपले बोलणे तपासून बघण्यासारखे आहे.

पान पिवळे पडले म्हणून युरिया टाकू नये

चुनखडीच्या जमिनीत उसाची नवी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण त्याला केवडा म्हणतो. नवखा शेतकरी पान पिवळे दिसले की युरियाचे पोते फोडतो. पैसे जातात, पान काही हिरवे होत नाही, कारण कमतरता लोहाची असते. तिथे हिराकसच द्यावे लागते. मुलांच्या बाबतीत आपला युरिया म्हणजे शिकवणी. मार्क कमी पडले, लाव शिकवणी. तरी कमी पडले, लाव दुसरी. पोर सकाळी सहाला घर सोडते आणि रात्री आठला येते, आणि मार्क आहेत तिथेच. मग आपण म्हणतो, इतका खर्च करूनही पोरगे ऐकत नाही. अभ्यास कच्चा असेल तर शिकवणीने फायदा होईल. पण वर्गातल्या पोरांनी सहा महिने चिडवून हैराण केले आहे, किंवा एका विषयाच्या गुरुजींची धास्ती बसली आहे, किंवा घरी रोज रात्री भांडण चालते, तिथे शिकवणी काय करणार?

मग ओळखायचे कसे? मूल तोंडाने फारसे सांगत नाही. लहान मुलाजवळ तर सांगायला शब्दच नसतात, त्याचे अंग बोलते. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, डोके दुखणे, उलटी होणे आणि रविवारी ठणठणीत असणे, हे सोंग आहे असे समजून पाठीत धपाटा घालू नये. दुखणे खरेच असते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते. बंद झालेले अंथरूण ओले होणे आठव्या-नवव्या वर्षी पुन्हा सुरू होते. मोठ्या मुलाची झोप बिघडते, जेवण कमी होते किंवा भलतेच वाढते. क्रिकेटला पळणारे पोर कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसते. क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर येते. मुलग्यांमध्ये उदासपणा पुष्कळ वेळा रागाच्या रूपाने बाहेर पडतो, हे एका डॉक्टरांनी मला सांगितले, तेव्हापासून गावातल्या दोन-चार 'तापट' पोरांकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. एखादा दिवस असे झाले तर काही नाही, तुम्हाआम्हालाही होते. पण दोन आठवडे सलग हे चालले आणि शाळा, जेवण, झोप यांवर परिणाम दिसू लागला, तर ते बघितलेच पाहिजे.

सुरू ऊस आणि आडसाली ऊस

आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. ती सोळा-अठरा महिने रानात राहते. सुरू लागण जानेवारी-फेब्रुवारीची, ती बारा महिन्यांत तुटते. दोन्ही उसांचे टनेज वेगळे येते, आणि आपण कोणी सुरूच्या बांधावर उभे राहून "बघ जरा शेजारच्या आडसालीकडं" असे म्हणत नाही. पोरांना मात्र रोज म्हणतो. चुलतभावाचे मार्क, शेजारच्या पोरीचा नंबर, मामाचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. आपल्याला वाटते यामुळे पोराला ईर्षा येईल. प्रत्यक्षात ते भावाचा राग करू लागते आणि स्वतःला कमी समजू लागते. ज्याची तुलना करायची ते त्याचेच मागचे करा. मागच्या चाचणीत गणिताला बारा होते, आता अठरा आहेत, हे त्याला दाखवा. अठरा कमी असले तरी सहाने वाढले आहेत.

परीक्षेच्या भीतीचे एक शास्त्र आहे ते समजून घेण्यासारखे आहे. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंडाला कोरड पडते. वाघ पुढे आला असता तर हे उपयोगाचे झाले असते. पण त्या वेळी डोक्याचे लक्ष धोक्यावर असते, पाठ केलेल्या सूत्रावर नसते. म्हणून घरी घडाघडा म्हणणारे पोर पेपरात कोरे होते आणि बाहेर आल्यावर झाडाखाली त्याला सगळे आठवते. थोडी धास्ती कामाला लावते, फार झाली की बुद्धी गोठवते. पाणी कमी पडले तरी ऊस वाळतो आणि साचून राहिले तरी मुळ्या कुजतात, तसेच हे. यावर साधा उपाय म्हणजे सावकाश श्वास. चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असे पाच मिनिटे. मी स्वतः वार्षिक सभेला प्रश्नोत्तरांच्या आधी हे करून बघितले आहे, उपयोग होतो.

दुसरी गोष्ट झोपेची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच. परीक्षेच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत जागवून पहाटे पाचला उठविणारे पालक मला माहीत आहेत, आणि ते मोठ्या कौतुकाने सांगतात. रात्री पाण्याची पाळी करून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी हिशेब करायला बसवा, मग कळेल.

नापास झाले म्हणजे वर्ष गेले, ही धास्तीही आता जुनी झाली. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो. पूर्वी फेरपरीक्षेला ऑक्टोबर उजाडायचा, आता निकालानंतर दीड-दोन महिन्यांत ती होते. त्यापलीकडे आयटीआय आहे, पदविका आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. ही माहिती निकालाच्या दिवशी नव्हे, परीक्षेच्या आधी पोराच्या कानावर घातली पाहिजे. "काय निकाल लागंल तो लागंल, तू घरी ये, आपण बघू" हे वाक्य बापाने एकदा तरी स्वतःच्या तोंडाने म्हटलेले असले पाहिजे. आईने म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या पोरांना धास्ती असते ती बापाची.

घरात चाललेले बोलणे

आपल्या घरांत एक गोष्ट सर्रास होते. सोसायटीचे कर्ज, बँकेची नोटीस, विहिरीला लागलेला खर्च, भावकीची वाटणी, हे सगळे बोलणे जेवताना होते आणि पोर ताटावर बसलेले असते. ऊसबिलाचा हप्ता लांबला की घरातले आवाज चढतात. कायद्याने ऊस गेल्यावर चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर द्यायचा असतो हे मला ठाऊक आहे आणि आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यावर इथे बोलत नाही. सांगायचे एवढेच की पोराला आकडे कळत नाहीत, पण आवाज कळतो. मग ते स्वतःच हिशेब मांडते: माझ्या फीमुळे हे झाले. असे मनात धरून वह्या मागायच्या बंद केलेल्या मुली आहेत. लपवून ठेवण्यापेक्षा त्याला समजेल इतके सरळ सांगावे. यंदा पैशाची ओढ आहे, नवी सायकल पुढच्या वर्षी घेऊ, पण शाळेला काही कमी पडणार नाही. एवढे सांगितले की त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. नववी-दहावीतच 'बघायला' पाहुणे येऊ लागतात. अशा घरातल्या मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही याचे आपल्याला नवल वाटते! अठरा वर्षांच्या आत लग्न कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कोणीही, ती मुलगी स्वतःसुद्धा, फोन करू शकते. पाहुण्यांना दारातच सांगावे, पोरीचे शिक्षण चालू आहे.

मारण्याविषयीही लिहिले पाहिजे. 'छडी लागे छमछम'च्या जमान्यात आपण शिकलो आणि काय वाईट झाले, असे पुष्कळ सभासद म्हणतात. जे शाळा सोडून गेले ते मात्र हे सांगायला इथे नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. वर्गासमोर 'ढ' म्हणणे, फी राहिली म्हणून उभे करणे, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून बोलणे, हे मानसिक छळातच मोडते. गुरुजींशी भांडायला जाऊ नका, बहुतेक शिक्षक तळमळीने काम करतात आणि त्यांच्यामागे कागदांचा ससेमिरा असतो. पण शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकांतले असावे लागतात. आपल्यापैकी कित्येकजण त्या समितीत आहेत. तिथे पोषण आहाराचा तांदूळ आणि कंपाउंडची भिंत याशिवाय पोरांच्या मनाचा विषयही एकदा घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असे म्हटले आहे. आपल्या शाळेत तो आहे का, नसेल तर महिन्यातून एकदा तरी कोण येऊ शकेल, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

काही मुले हुशार असतात, बोलायला चटपटीत असतात, ट्रॅक्टरचा कुठला नट कुठे बसतो ते सांगतात, पण वाचताना अडखळतात, अक्षरे उलटी काढतात. ती आळशी नसतात. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. 'तारे जमीं पर' हा २००७ सालचा सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल, तो याच विषयावरचा. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि ठरावीक सरकारी रुग्णालयांतून दाखला मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दाखल्याची खटपट दहावीच्या फेब्रुवारीत करून उपयोग नाही, पाचवी-सहावीतच करावी.

घराबाहेर ठेवलेली मुले

आपल्या भागातली किती मुले लातूर, पुणे, पार कोट्यापर्यंत नीट आणि जेईईच्या क्लासला ठेवलेली आहेत ते आपण जाणताच. एकराचा ऊस एका वर्षाच्या फीत जातो. पोरालाही हे माहीत असते, आणि तेच त्याच्या छातीवर बसते. जानेवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सोळा वर्षांच्या आतील मुलांना प्रवेश देऊ नये, मुलांची गुणांवरून उघड वर्गवारी करू नये, समुपदेशनाची सोय असावी असे म्हटले आहे. प्रवेश घेण्याआधी ही सोय आहे का ते विचारा. निकालाच्या जाहिरातीतले फोटो मोजण्यापेक्षा ते महत्त्वाचे.

आणि मुलाला ठेवल्यावर फोन करताना पहिला प्रश्न "टेस्टला किती पडले" हा नसावा. जेवलास का, खोलीत कोण कोण आहे, कोणाशी पटते, हे विचारावे. गावातले काय काय सांगावे: म्हैस व्याली, शेजारच्या आजी विचारत होत्या, पाट सुटला. यात वेळ वाया जात नाही. घराशी दोरा बांधलेला राहतो.

वसतिगृह म्हणजे नुसती खोली आणि खाट नव्हे, हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे जातिपातीचा विचार न करता खेड्यापाड्यांची पोरे एकत्र राहत. त्या पोरांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. त्या पोरांना घर सोडून आई मिळाली होती. अमळनेरला साने गुरुजी छात्रालयाचे काम बघत, तेव्हा मुलांच्या खोल्या झाडण्यापासून त्यांची अंथरुणे नीट ठेवण्यापर्यंतची कामे ते स्वतः गुपचूप करीत. त्या काळी समुपदेशक हा शब्द नव्हता. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे एवढे मुलाला कळत होते. आजच्या हॉस्टेलात वाय-फाय आहे, आरोचे पाणी आहे. रात्री दहाला पोर रडत असेल तर दार वाजवणारे कोण आहे, हे प्रवेश घेताना वॉर्डनला विचारायला लाजू नका.

वेळ आली तर

मूल "मी नसतो तर बरं झालं असतं", "आता सगळं संपलं" असे बोलू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर ते लक्ष वेधून घेण्यासाठी चालले आहे म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का. विचारल्याने ते मनात भरते, असा आपला समज आहे. तो खरा नाही. उलट विचारल्याने पोर मोकळे होते. ऐकताना मध्ये बोलू नका, शपथा घालू नका, आपल्या काळच्या हालअपेष्टा सांगू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या.

इथे शेतकी खात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तणनाशके आणि कीडनाशके घरात, फडताळात, पलंगाखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे ठेवा, फवारणीपुरतेच औषध आणा. मनातली ती लाट पुष्कळ वेळा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी विष नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेने १९९५च्या सुमारास अतिविषारी कीडनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तिथेही आपल्यासारखेच शेतकरी आहेत आणि त्यांची शेती काही बंद पडली नाही. आपल्या घरी कुलूप लावायला कुठल्या कायद्याची वाट बघायची नाही.

मदत कुठे मिळते? केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येते. मुलाने करावा, आईने करावा, शिक्षकाने करावा. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' नावाची सल्लाकेंद्रे आहेत, गावच्या आशाताईंना विचारलेत तर त्या वार सांगतील. देवऋष्याकडे जाऊ नका असे मी म्हटले तर काहीजण रागावतील. देवाला जरूर जा, पण दवाखाना चुकवू नका. आणि प्रसंग घडलाच तर पोरावर गुन्हा लागेल या भीतीने दवाखान्यात न्यायला क्षणाचाही उशीर करू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असे करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, त्याला शिक्षा होत नाही, उलट त्याच्यावर उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

आपल्या फडात आलेली मुले

आता जे लिहितो ते काही सभासदांना विषयाला सोडून वाटेल. मला तसे वाटत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर पोरे येतात. पहिल्या सत्रातच त्यांची शाळा सुटते आणि मार्च-एप्रिलला परत जाईपर्यंत वर्ष निघून गेलेले असते. आठ-दहा वर्षांची मुलगी कोपीत बसून धाकट्या भावंडाला सांभाळते. पहाटे चारला आईबाप फडात जातात, तेव्हा ही दोघे अंधारात एकटीच असतात. त्या मुलीच्या मनात काय चालत असेल? ती शाळेत गेली तर पुस्तक वेगळ्या पानावर असते, ओळखीचे कोणी नसते, आणि "कोयत्याची पोरगी" एवढेच नाव तिला मिळते. दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी जात नाही. मग आपण म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.

कायदा काय सांगतो ते बघा. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला जवळच्या शाळेत त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसता येते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मूळ गावात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मूल गावीच राहून शिकू शकते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहे २०२१ साली मंजूर झाली. काही कारखान्यांवर पूर्वी साखरशाळा चालल्या आणि त्यांतून शिकून पुढे गेलेली मुले आहेत. पण अजूनही पुष्कळ पोरे कोपीतच राहतात, हे फडात जाणाऱ्या कोणालाही दिसते.

बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे बघितल्यावर त्या दोघींनी शाळाच कुरणात नेली. मुलांना नावे ठेवली नाहीत. हे एवढे आपल्याला जमणार नाही कदाचित. पण आपल्या रानात टोळी असताना त्या पोरांना नावाने हाक मारणे जमेल. आपली मुले शाळेत जाताना त्यांतल्या दोघांना बरोबर नेणे जमेल. माझ्या एका गटात एका सभासदाच्या सहावीतल्या मुलीने हे आपणहून केले. रोज कोपीपाशी थांबायची, एका मुलीला घेऊन जायची, मधल्या सुट्टीत एका डब्यात जेवायच्या. कोपीतली मुलगी हंगाम संपेपर्यंत शाळेत टिकली. आणि त्या सभासदाच्या पत्नीने मला सांगितले की यात फायदा आमच्याच पोरीचा झाला. वर्गात एकटी-एकटी बसायची ती बोलायला लागली. मुलाला कोणाच्या तरी उपयोगी पडल्याने जेवढे बळ येते तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच येते.

या हंगामात तोडणीची चिठ्ठी निघाली की आपल्या फडात किती कोयते आहेत ते आपण मोजतोच. त्याबरोबर सहा ते चौदा वयाची पोरे किती आहेत तीही मोजावीत, आणि त्यांची नावे, वय व मूळ गावची शाळा असे एका कागदावर लिहून आपल्या गटाच्या चिटबॉयकडे द्यावे. मुकादमाकडून ही माहिती सहज मिळते. मूळ शाळेकडून शिक्षण हमी पत्रक आणलेले असेल तर तेही बघावे, म्हणजे प्रवेशाला अडचण येत नाही. गट ऑफिसातून ती यादी केंद्रप्रमुखांकडे पोहोचती करण्याचे काम शेतकी खाते करील. १४४१६ आणि १०९८ हे दोन्ही क्रमांक सर्व गट ऑफिसांच्या दर्शनी भिंतीवर, ऊसनोंदीच्या तारखांच्या शेजारी, रंगवून घेण्यास सांगितले आहे. ज्या गावच्या शाळेच्या भिंतीवर ते हवे असतील त्या गावच्या सभासदांनी कळवावे, रंगारी तिकडेही पाठविता येईल.